अंगावरचं सामान

विमानाची तिकिटं आमच्या यांनी काढली, आणि त्या दिवसापासून घरात जे विमान उडायला लागलं ते तीन आठवडे खाली उतरलंच नाही. "बसच्या तिकिटाहून स्वस्त!" हे शेजाऱ्यांना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, माझ्या दुकानात माप द्यायला हात वर करून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगून झालं. यांचा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. जन्म गेला डोळ्याला भिंग लावण्यात, पण तिकिटाखालची बारीक अक्षरं तेवढी यांना दिसली नाहीत.

ती दिसली मला, आणि तीही जायच्या पाच दिवस आधी. जागा निवडायचे पैसे वेगळे. पाण्याचे वेगळे. पास कागदावर छापून हवा असेल तर त्याचेसुद्धा वेगळे. आणि बॅग विमानाच्या पोटात टाकायची तर इतके, की मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अहो, ही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला!"

"मग मसाला घालायचाच नाही," हे म्हणाले. "माणशी हातातली एक बॅग फुकट आहे. सात किलो. माझ्या बॅगेत दोघांचे कपडे बसवतो. तुझ्या बॅगेत तुझा तो ड्रेस."

माझा कसला? धाकटीचा. माझी सख्खी धाकटी बहीण, वय वर्षं एक्कावन्न, आणि बाई लग्न करत होती. पहिलंच. ती बस चालवते, आणि नवरा मुलगा त्याच डेपोतला मेकॅनिक. मुलगा म्हणायचं आपलं, चांगला छप्पन्न वर्षांचा बाप्या. दुपारी चार वाजता नोंदणी कार्यालयात सह्या, आणि तिच्या बाजूची साक्षीदार मी.

आता यात एक गोम होती. सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नव्हतो. दोष माझ्या जिभेचा. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी लपवत नाही. धाकटी तेव्हा माझ्याच दुकानात दुसऱ्या मशीनवर बसायची. एके दिवशी म्हणाली, "ताई, माझा जीव शिवणात नाही. मी बस चालवायची परीक्षा पास झालेय." मला फार लागलं. मी दुकान दोघींचं म्हणून मांडलं होतं. आणि लागलं की गप्प बसावं, तर तेवढं मला जमत नाही. पाच गिऱ्हाइकांसमोर मी म्हटलं, "बरं झालं बाई! नाहीतरी तुझा घेर या स्टुलावर मावत नव्हता. तुला बसच पाहिजे!"

बायका फिदीफिदी हसल्या. धाकटी हसली नाही. गळ्यातला टेप काढून तिनं टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

सहा वर्षांनी तिचा फोन आला. "ताई, मी लग्न करतेय. माझा ड्रेस तू शिवशील?"

मी काय म्हणायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण तोंडातून निघालं, "माप सांग." तिनं भराभर सांगितलं. कंबर एकतीस. माझ्या जुन्या वहीतही एकतीसच. सहा वर्षं सीटवर बसून गाडी हाकली तरी बाई तश्शीच! खोटं कशाला बोलू, मला थोडी असूयाच वाटली. माझी स्वतःची सदतीस आहे.

मग मी शिवायला बसले. शेवाळी रंगाचं, हातातून पाण्यासारखं घसरणारं कापड. पाठीवर बावीस बटणं, एकेक कापडात मढवलेलं. माफी मागायला मला येत नाही, पण शिवायला येतं, म्हणून जे काही होतं ते मी त्या ड्रेसमध्ये घातलं. चार वाजता तो तिच्या अंगावर चोख बसलेला दिसावा, एवढीच माझी इच्छा होती. तो बसला की पुढचं बोलणंही जमेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

बॅगसुद्धा मीच शिवली. यांनी विमान कंपनीचं माप चिठ्ठीवर लिहून दिलं, लांबी, रुंदी, जाडी. पडद्याचं जाड कापड घेतलं, आतून चारही बाजूंनी पुठ्ठा घातला, म्हणजे ड्रेस चुरगळायला नको. बॅग अशी देखणी झाली की एका गिऱ्हाइकानं तिथल्या तिथं तशीच दुसरी मागितली.

विमानतळावर सगळं सुरळीत पार पडलं. तपासणीत माझी कात्री गेली, ती जाणारच होती. माझ्या कॉलरला आतून टोचलेली सुई, तिच्यात ओवलेला दोरा, तिकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती सुई मी न्हातानाच काय ती काढते. गेटपाशी आलो. तिथं गळ्याला रुमाल बांधलेली एक तरतरीत मुलगी उभी होती आणि तिच्या शेजारी एक लोखंडी चौकट.

"मावशी, बॅग यात घालून दाखवा."

यांची बॅग घातली, सुळकन आत गेली. माझी घातली, ती वरच अडकली. मी दाबली. यांनी गुडघा लावून दाबली. मागचा एक पहिलवान गडी पुढे होऊन "मी बघू?" म्हणाला, त्यानंही दाबली. बॅग ढिम्म हलेना.

"अहो, माप चुकीचं लिहिलंत तुम्ही!"

"मी?" हे चिठ्ठी काढून माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले. "मी मिलिमीटरमध्ये काम करणारा माणूस आहे!"

चिठ्ठीवरचं माप बरोबरच होतं. मी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लूजिंग! माणसाचं माप घेतलं की आम्ही त्यावर दोन इंच सैल धरतो. माणूस बसतो, उठतो, जेवतो, त्याला जागा लागते. पस्तीस वर्षांची हाताची सवय, चिठ्ठी समोर ठेवली आणि हातानं आपोआप चारही अंगांनी लूजिंग घातलं. आता बॅग कुठे जेवते!

मला माझंच हसू यायला लागलं, पण गेटवरच्या मुलीनं दंडाचा आकडा सांगितला आणि हसू आटलं. आमच्या दोन्ही तिकिटांहून जास्त. नाकापेक्षा मोती जड! बरं, पैसे एक वेळ मी तोंड वाकडं करून दिलेही असते. पण बॅग जाणार होती विमानाच्या पोटात. त्या पोटातून ती केव्हा बाहेर येईल, कुठल्या गावाला येईल, याची हमी ती मुलगी देईना. यांच्या मित्राची बॅग तिसऱ्या दिवशी आली होती. तिसऱ्या दिवशी ड्रेस आला तर तो काय धाकटीनं बस चालवताना घालायचा?

"बॅग टाकून देते," मी म्हटलं. "ड्रेस नुसता हातावर घेते."

"हातावर घेतला तरी सामानच धरतात, मावशी."

"मग कुठे घेऊ? डोक्यावर?"

ती मुलगी इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "हातात असलं तर सामान. अंगात घातलं तर कपडा. अंगावरच्या कपड्याला पैसे नाहीत. गेट बंद व्हायला वीस मिनिटं आहेत."

शहाणी पोरगी! तिच्या आईनं तिला काय खाऊन जन्म दिला कोण जाणे.

पण एकतीसच्या ड्रेसमध्ये सदतीसची बाई घालायची कशी? दुसरी कोणी असती तर तिथंच रडत बसली असती. मी ड्रेस उलटा केला आणि शिवण चाचपली. शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड सोडतो, पुढेमागे वाढवायला. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणारा शिंपी भला माणूस असणार. एरवी मी अर्धा इंच सोडते, कापड काय झाडाला लागतं? धाकटीच्या ड्रेसला मी जवळजवळ दोन दोन इंच सोडली होती. कापताना हात आखडलाच नव्हता. दोन्ही बाजू मिळून सहा इंच आरामात निघत होते.

"अहो, तुमच्या किल्ल्यांना नेलकटर आहे ना? द्या इकडे!"

मी बायकांच्या बाथरूममध्ये घुसले आणि हे दाराबाहेर उभे राहिले. घड्याळवालाच तो. "अगं, सतरा मिनिटं!" मी नेलकटरनं पहिला टाका तोडला, पुढचे दातांनी. "चौदा!" डावी बाजू उसवली. "बारा मिनिटं वीस सेकंद!" "अहो, सेकंद नका सांगू, हात चुकतो!" उजवी बाजू उसवली. कॉलरची सुई काढली आणि अगदी कडेला धरून धावदोरा घातला. हात धुवायला आलेल्या एका बाईनं काही न विचारता कापड ताणून धरलं, आणि शेवटी माझी बावीसच्या बावीस बटणं लावून दिली. बाईमाणसाला असल्या वेळी समजावून सांगावं लागत नाही.

बाहेर आले तेव्हा माझे रोजचे कपडे यांच्या मानेभोवती, पुठ्ठे कचऱ्यात आणि रिकाम्या बॅगेची घडी यांच्या काखेत. गेटवरच्या मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, सामान फार सुंदर आहे."

जागा निवडायचे पैसे वाचवले होते, त्यामुळे कंपनीनं मला पाचव्या रांगेत बसवलं आणि यांना अठ्ठाविसाव्या. चौतीस वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदा इतके लांब बसलो. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, आणि सीट मागे होत नाही, कारण तिला मागे व्हायची सोयच नाही. मी पाठ टेकली नाही, कोपर टेकलं नाही, एखादा पुतळा बसवावा तशी बसले. शेजारच्या गृहस्थानं कॉफी मागवली. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले नाही, शपथेवर सांगते. त्या बिचाऱ्यानं कप दोन्ही हातांनी धरला, एकदा माझ्या शेवाळी मांडीकडे पाहिलं आणि ती उकळती कॉफी एका घोटात पिऊन टाकली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मनात हिशेब चालू होता. पावणेतीनला उतरायचं. चारला सह्या. मध्ये कुठेतरी अर्धा तास पकडून ड्रेस पुन्हा उसवायचा, पुन्हा एकतीसला आणायचा, आणि कुठे चुणी राहता कामा नये. जमेल का? जमायलाच पाहिजे.

तेवढ्यात विमानातली मुलगी माझ्यापाशी थांबली, हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "अभिनंदन हं, काकू!" मी "अगं, तसं नाही" म्हणेपर्यंत ती पुढे गेलीसुद्धा, आणि माईकवरून ऐकू आलं, "प्रवासी मित्रहो, आज आपल्याबरोबर पाचव्या रांगेत एक नवरी प्रवास करत आहे. त्यांना आपल्या सर्वांकडून शुभेच्छा!"

सगळ्या विमानानं टाळ्या वाजवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण धरणी तीस हजार फूट खाली.

आणि मागून, अठ्ठाविसाव्या रांगेतून, माझ्या ओळखीचा आवाज आला. "अहो, थांबा! ती माझी बायको आहे!"

मग कोणीतरी ओरडलं, "मग काका, पळत पुढे या, नाहीतर लग्न लागेल!"

काय हसलं हो ते विमान! लहान पोरं हसली, तो पहिलवान मांड्या थोपटून हसला, माईकवाल्या मुलीला पुढचं बोलता येईना. कॉफीवाले गृहस्थ उठले आणि स्वतःची जागा यांना देऊन मोठ्या आनंदानं मागे निघून गेले. ते मला घाबरून गेले असं हे म्हणतात. मला तसं वाटत नाही.

हे शेजारी येऊन बसले. मानेभोवती माझे कपडे तसेच. माझ्याकडे पाहतच राहिले. जन्मभर मी दुसऱ्यांसाठी असले कपडे शिवले, पण स्वतःच्या अंगात एक घातला नव्हता. आपण शिवलेलं आतून कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. फार छान लागतं.

"छान दिसतेस गं," हे म्हणाले, आणि लगेच मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागले. चौतीस वर्षांत दुसऱ्यांदा म्हणाले असतील. पहिल्यांदा केव्हा ते मला आठवत नाही, पण म्हणाले असणारच. मग ती मुलगी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आली, फुकट. यांनी झाकण उघडलं नाही. दूधवाल्याला दाखवायला घरी न्यायची म्हणाले.

उतरून बाहेर आलो तर विमानतळाच्या दाराशी धाकटी उभी. अंगात डेपोचं ढगळ जॅकेट, केस थोडे पिकलेले, बाजूला तिचा मेकॅनिक, हात इतके घासून धुतलेले की बोटं लाल झालेली. सहा वर्षांनी बहीण दिसली की माणसानं धावावं. पण मी ड्रेसची काळजी करत एकेक पाऊल जपून टाकत होते. तिनं मला पाहिलं आणि आ वासला.

"ताई, लग्न माझं आहे ना?"

"तुझंच आहे, चल आत!" म्हणून मी तिला धरून पुन्हा बायकांच्या बाथरूममध्ये नेलं. जाता जाता दंडापासून लूजिंगपर्यंत सगळं सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. मला इतकं बरं वाटलं! हसली म्हणजे अर्धं काम झालं, आता ड्रेस बसला की झालं. मी तो उतरवला, माझे कपडे चढवले, ड्रेस उलटा केला आणि पहिल्या टाक्याला दात लावला.

"थांब." तिनं माझं मनगट धरलं. "उसवू नकोस."

"अगं वेडे, हा सदतीस झालाय. तुझ्या अंगावर पोत्यासारखा लोंबेल!"

"आधी घालून तर बघू दे."

तिनं जॅकेट काढलं. ड्रेस घातला आणि माझ्याकडे पाठ केली. मी बटणं लावायला घेतली. एक, दोन, पाच, दहा. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. कमरेशी आले. बाविसावं बटण लागलं आणि माझे हात तिथंच राहिले. माझ्या सबंध कारकिर्दीत इतका नेमका बसलेला कपडा मी पाहिला नव्हता.

"धाकटे, तू एकतीस सांगितलंस."

"सांगितलं."

"का गं?"

ती बेसिनच्या नळाकडे बघत होती. "खरं सांगितलं असतं तर तू काहीतरी बोलली असतीस. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. पोट आत ओढून उभी राहीन. सह्या झाल्या की बदलेन."

स्वतःच्या लग्नात ती पोट आत ओढून उभी राहणार होती. हसत, फोटो काढत, नवऱ्याशेजारी. माझ्या धाकानं. आणि मी येडी तीन आठवडे बावीस बटणं मढवत बसले होते, माफी मागायला लागू नये म्हणून.

"दुकानात मी तुला जे बोलले ना," मी म्हटलं, "ते फार वाईट बोलले गं. चुकलं माझं. फोनवरच म्हणायचं होतं, आणि मी माप विचारत बसले."

तिनं नुसता माझा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघी तिथं, हात वाळवायच्या यंत्राखाली, गळ्यात गळा घालून रडलो. ते यंत्र आपलं आपणच सुरू झालं आणि आमच्या डोक्यावर गरम हवा सोडत राहिलं, म्हणून मग दोघींना हसू फुटलं.

"बास," मी डोळे पुसून म्हटलं. "आता माझं ऐक. पोट सोड."

"सोडलंय."

"कुठे सोडलंयस? मी शिंपीण आहे, मला दिसतं. सोड. सगळं सोड."

धाकटीनं आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सहा वर्षांचं ओढून धरलेलं पोट सोडून दिलं. एकही टाका तुटला नाही.